शासनदेवीचा मान आणि तिची मर्यादा



कर्नाटकातल्या हुमच्याच्या यात्रेविषयी आपल्या अंकात आलेले पत्र वाचले. पार्श्वनाथाची शासनदेवी पद्मावती हिची उपासना ही वीतराग धर्मात घुसलेली अंधश्रद्धा आहे, तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या जैनांनी ही यात्रा बंद करावी, असे त्या पत्रलेखकांचे म्हणणे आहे. त्यांची कळकळ खरी आहे. निष्कर्ष मात्र शास्त्राला धरून नाही आणि इतिहासालाही.

त्यांच्या म्हणण्यामागे मोठी परंपरा आहे, हे आधी मान्य करते. वर मिळावा या आशेने रागद्वेषी देवतांच्या मागे लागणे ही देवमूढता, असे समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सांगितले आहे. अठराव्या शतकात जयपूरच्या पंडित टोडरमलांनी क्षेत्रपाल-पद्मावतीच्या पूजेवर कडक टीका केली. ज्याचे कर्म त्यालाच भोगायचे असेल तर देवी मधे पडून काय करणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण या प्रश्नाचा विचार दक्षिणेतल्या आचार्यांनी केलाच नाही आणि अज्ञानी लोकांनी मागच्या दाराने देवी आत आणली, असे मानणे चूक आहे.

सोमदेवसूरींचे ‘यशस्तिलक’ इसवी सन 959 चे, राष्ट्रकूटांच्या काळातले. त्यातल्या श्रावकाचाराच्या भागात हा वाद दोन वाक्यांत मिटवला आहे. जिनेंद्र आणि व्यंतरादी देवता यांना पूजेत एकाच पातळीवर बसवणारा अधोगतीला जातो, असे ते बजावतात. आणि लगेच सांगतात की या देवता जिनशासनाच्या रक्षणासाठी आगमात मानल्या आहेत, म्हणून सम्यग्दृष्टी श्रावकाने त्यांना त्यांचा वाटा देऊन त्यांचा मान राखावा. बरोबरी नाही, पण अवमानही नाही. हजार वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे घालून दिलेली मर्यादा असताना, सगळे टाका किंवा सगळे ठेवा अशा दोनच वाटा आपण समाजापुढे का ठेवतो?

ही उपासना उशिराची भेसळ आहे, हेही टिकत नाही. बडोद्याजवळ अकोट्याला सापडलेल्या कांस्यमूर्तींत पद्मावतीसारखीच शासनदेवी असलेली अंबिका आहे, तीही सहाव्या शतकातली. ऐहोळेचे मेगुती जिनालय रविकीर्तीने 634 साली बांधले; तिथेही अंबिकेची मूर्ती होती. आपल्या वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका आणि समोर हत्तीवरचा यक्ष आहे. त्या यक्षाला इंद्र समजल्यामुळे लेण्याचे नाव ‘इंद्रसभा’ पडले. ज्या शिल्पकारांनी, दात्यांनी आणि मुनींनी गाभाऱ्यात तीर्थंकर बसवला, त्यांनीच गाभाऱ्याबाहेर ही यक्षी बसवली. तिचे स्थान त्यांना नेमके ठाऊक होते.

आता हुमच्याविषयी. शिमोगा जिल्ह्यातले हे गाव सांतर राजांची राजधानी होते. जिनदत्तराय उत्तर मधुरेहून पद्मावतीची मूर्ती घेऊन निघाला, लक्कीच्या झाडाखाली विसावला आणि देवीच्या आज्ञेने तिथेच राज्य वसवले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. कथेला इतिहास म्हणण्याचा माझा आग्रह नाही. इतिहास तिथल्या दगडावर कोरलेला आहे. 1077 साली चट्टलदेवीने तिथे पंचकूट बस्ती बांधली. शिलालेखात या बस्तीचे नाव ‘उर्वीतिलक’ असे येते. बहिणीच्या चार मुलांना वाढवणारी, दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ जिनालय उभारणारी, तळी, विहिरी, पाणपोया आणि अन्नछत्रे चालवणारी ही श्राविका पद्मावतीच्या राजधानीत राहत होती. देवीच्या क्षेत्रात राहिल्याने तिची जिनभक्ती उणावली नाही. तिने पाच गाभाऱ्यांचे मंदिर तीर्थंकरांसाठीच बांधले.

खरा दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि तिथे पत्रलेखकांशी माझे एकमत आहे. पद्मावतीचे मंदिर पार्श्वनाथ बस्तीला लागूनच आहे. तरी कितीतरी यात्रेकरू देवीची ओटी भरतात, कौल लावतात, प्रसाद घेतात आणि पार्श्वनाथासमोर क्षणभरही न थांबता गाडीकडे वळतात. पंचकूट बस्तीपर्यंत तर फारच थोडे जातात. मालकाला न भेटता दारावरच्या राखणदाराशीच बोलून परतण्यासारखे हे आहे. नवस फेडण्यासाठी कर्ज काढणे, आजारी माणसाचे औषध थांबवून देवीच्या कौलावर विसंबणे, हेही सोमदेवांच्या मर्यादेत बसत नाही. ते थांबलेच पाहिजे.

पण ते यात्रा बंद करून थांबणार नाही. आपल्या भागाचा अनुभव वेगळे सांगतो. शिक्षण आणि समाजसुधारणेसाठी झटणारी दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 साली स्थापन झाली ती निपाणीजवळच्या स्तवनिधीला, क्षेत्रपाल ब्रह्मदेवासाठी प्रसिद्ध असलेल्या तीर्थावर. समाज जिथे श्रद्धेने जमतो तिथेच सुधारणेचा विचार मांडायचा, ही वाट आपल्याकडे चाललेली आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. प्रत्येक गावच्या बस्तीतून हुमच्याला निघणाऱ्या मंडळींना आधी एक संध्याकाळ बसवून पार्श्वनाथ, पद्मावती आणि चट्टलदेवी यांची माहिती द्यावी. दर्शनाचा क्रम ठरवावा: आधी पार्श्वनाथ, मग देवी, मग पंचकूट बस्ती आणि तिच्यासमोरचा मानस्तंभ. तीर्थाच्या व्यवस्थापनाने शिलालेखांचा आशय कन्नडबरोबर मराठीतही लावावा, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांना दगडावरचे जुने कन्नड वाचता येत नाही. आणि नवसाला बोललेले पैसे एखाद्या मुलीच्या शिक्षणाला द्यावेत, असे उपाध्यांनीच सांगावे. त्यांचा शब्द बायका ऐकतात.

पत्रलेखकांनी यात्रेला विरोध करण्याऐवजी या कामात पुढाकार घ्यावा, अशी त्यांना मनापासून विनंती आहे. देवीला तिच्या जागी ठेवता येते. तिला हाकलले तर माणसे तिच्याबरोबर निघून जातील, आणि पार्श्वनाथासमोर उभे राहायला कोणीच उरणार नाही.

— एक श्राविका, जयसिंगपूर