नऊशे मीटरचा गनिमी कावा

माझ्या मुलीची शाळा घरापासून नऊशे मीटरवर आहे. सहावीत गेल्यावर तिला सायकल घेतली. ती जिन्याखाली धूळ खातेय आणि मुलगी माझ्या स्कूटरवर मागे बसून शाळेत जाते. हे पुण्यात, एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात!

एकदा तिच्याबरोबर चालत गेलो. फूटपाथ इतका उंच की पोरीला गुडघा पोटाशी घेऊन चढावं लागलं. वीस पावलांवर विजेचा डीपी. त्याला वळसा घालायला खाली रस्त्यावर. पुन्हा वर. मग ओळीने लावलेल्या दुचाक्या. खाली. मग रसाची गाडी, मग उखडलेले पेव्हर ब्लॉक. वर, खाली, वर. पाठीवर दप्तर, मागे बस आणि समोरून राँग साइडने येणारे वीर, वर आपल्यालाच हॉर्न मारणारे. गनिमी कावा शिकायला हिला इतिहासाचं पुस्तक कशाला हवं?

या रस्त्यावर एका किलोमीटरच्या आत चार शाळा आहेत. मागणी एवढीच की त्यांना जोडणारी एक धड वाट करा. सलग, सपाट फूटपाथ, शेजारी सायकलची पट्टी, शाळा भरता-सुटताना अर्धा तास गल्लीत गाड्यांना बंदी. उत्तर ठरलेलं : ‘जागा नाही हो.’ दोन्ही बाजूंना गाड्या लावायला जागा आहे, मांडवाला आहे, साहेबांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला आहे. नाही ती फक्त शाळेत निघालेल्या पोराला.

कागदांची मात्र चंगळ आहे. २०१७ च्या सायकल आराखड्यात पुण्यासाठी आठशे किलोमीटरहून अधिक मार्ग आखलेत. रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागते. मोकळा फूटपाथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं. शासन मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतं. चालवायच्या कुठे, ते पोरींनी आपलं आपण बघायचं.

सायकलींच्या हॉलंडचं उदाहरण दिलं, की ‘ते सोडा, ते लोकच वेगळे,’ असं शहाणे सांगतात. वेगळे? १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात चारशेहून अधिक मुलं रस्त्यावर मेली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ हे आंदोलनाचं नावच ठेवलं, आणि रस्ते बदलायला लावले. आपल्याकडे २०२२ मध्ये ३२,८२५ पादचारी मेले. आपण काय केलं? पोराला गाडीत घातलं.

मीही तेच केलं. फाटकासमोर रोज दुपारी बाराला सकाळची शाळा सुटते, दुपारची भरते आणि जी कोंडी होते, तीत एक स्कूटर माझी असते. दुसऱ्यांच्या गाड्यांची भीती म्हणून मी गाडी काढतो. माझ्या गाडीच्या भीतीने शेजारी काढतो. मग सगळे मिळून ट्रॅफिकला शिव्या देतो.

आता एकच विनंती. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, की चहा विचारू नका. जिन्याखालची सायकल काढा, पाठीला दप्तर अडकवा आणि म्हणा, ‘शाळेपर्यंत जाऊन या साहेब, मग बोलू.’