उसाला थांबता येत नाही

दौंड तालुक्यात आमच्या ओळखीचं एक घर आहे. तीन एकर ऊस, रमजान तोंडावर आणि थोरल्या मुलीचा निकाह ईदनंतर ठरलेला. कारखान्याची तोड काही येईना. गुऱ्हाळवाला रोख द्यायला तयार, पण टनामागे कमी. भाभींनी आम्हाला विचारलं, "सरकारने भाव ठरवलाय ना? मग कमी का घ्यायचा?"

प्रश्न रास्त आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पैसे 14 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. म्हणजे कागद शेतकऱ्याच्या बाजूचा.

पण ऊस कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. तोडला की तासागणिक वजन आणि साखर घटते. उभा ठेवला तर तुरा येतो, वाळतो, रानही अडकून पडतं. तोड कधी द्यायची ते कारखाना ठरवतो. काटा त्याचा, उतारा काढणारी प्रयोगशाळाही त्याचीच. मापात पाप असतंच असं आम्ही म्हणत नाही, पण घेणाराच मोजणारा असला की मनात शंका राहते. आणि दुसरा कारखाना जवळ कुठून असणार? दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराची अट आपल्या राज्यात आहे.

शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा आणि दौंडमध्ये पाटसचा भीमा, दोन्ही सहकारी कारखाने अलीकडे काही हंगाम बंद राहिले. सभासद कागदावर मालक. ऊस मात्र लांबच्या कारखान्याला नाहीतर गुऱ्हाळाला. गुऱ्हाळाला एफआरपीचं बंधन नाही. ऊस मुबलक असला की तो भाव पाडतो. टंचाई असली की चढवतो, आणि मग कारखान्याचा चिटबॉयसुद्धा आपणहून बांधावर येतो. दुसरं गिऱ्हाईक दिसलं की पहिल्याची भाषा कशी मऊ होते, ते तेव्हा पाहावं.

रांजणगावला आपली कितीतरी मुलं लेथवर सुटे भाग बनवतात. तिथेही हाच खेळ. एकच कंपनी गिऱ्हाईक असली की दर ती सांगते आणि बिल अडकतं. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. उद्यम नोंदणी केली नसेल त्यांनी ती आधी करावी, फुकट होते. पण एकुलत्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला छाती लागते, हेही खरं.

भाभींनी शेवटी एक एकर गुऱ्हाळाला दिला. निकाहचा खर्च त्यातून निघेल. राहिलेल्या दोन एकरांची तोड अजून यायची आहे.