जयंतीचा नवा कपडा



वर्षातून एकदाच पोरांना नवा कपडा घ्यायला जमणार असेल, तर तो १४ एप्रिलला घ्यायचा, ही गिरणीत आणि गोदीत राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली रीत. म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड, महाडकडे जाणाऱ्या एसटीत त्या आठवड्यात प्रत्येक चाकरमान्याच्या मांडीवर कपड्यांची पिशवी असते. पण ज्या घरात त्याच वर्षी मयत झाली, त्या घराबद्दल गाव सहज बोलून जाते, "त्यांची यंदा जयंती नाही." आपण सुतक सोडले. जलदान विधी, पुण्यानुमोदन, शोकसभा करून आपण पुढे जातो. तरी हे वाक्य काही आपल्या तोंडातून गेले नाही. मोठी माणसे ते समजून घेतात. सात वर्षांच्या पोराने मात्र दारात बसून मिरवणूक बघायची का?

म्हणून अशा घरातल्या मुलांचा जयंतीचा कपडा मंडळाने करावा, असे आम्ही ठरवले. विचार चांगला होता. आम्ही तो कसा वाया घालवला ते आधी सांगतो, कारण ही चूक अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

पहिल्या वर्षी एका गावात जयंतीच्या सभेत मुलाला व्यासपीठावर बोलावले. लाउडस्पीकरवरून त्याच्या मयत बापाचे नाव घेतले, पुढे "यांच्या अनाथ मुलास" असे म्हटले आणि देणगीदारांची अकरा नावे वाचली. पाकीट मुलाच्या हातात, आमचे हात त्या पाकिटावर आणि समोर फोटोवाला. ती यादी वाचणारा मीच होतो. मुलगा खाली मान घालून उभा होता. आम्ही समजलो, लाजला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई ते पाकीट घेऊन आली. कपडा घडीसुद्धा न मोडलेला. म्हणाली, "भाऊ, माझं पोर अनाथ नाय. मी हाय ना अजून." एवढेच बोलली. ओरडली नाही, पाकीट ओट्यावर ठेवून कामाला निघून गेली. तो कपडा मी पुढे कितीतरी महिने कपाटात सांभाळला. दुसऱ्या कुणाला द्यावासा वाटेना.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तेव्हा मला विचारले, "मग बाबासाहेबांना केळुसकर गुरुजींनी पुस्तक दिले ते सभेतच ना?" प्रश्न बरोबर होता. बाबासाहेबांची आई भीमाबाई ते लहान असतानाच वारल्या. पुढे शाळेत असताना त्यांचा सत्कार करायचे समाजातल्या मंडळींनी ठरवले. बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे की तो प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्याचा. चरित्रकार धनंजय कीर तो १९०७ साली मॅट्रिक झाल्यावरचा सांगतात. सुभेदार रामजींनी आधी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. कृष्णराव अर्जुन केळुसकर रामजींचे स्नेही. त्यांनी समजूत घातली तेव्हा सभा झाली, आणि गुरुजींनी आपणच लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हातात ठेवले. त्या भेटीचे पुढे १९५६ साली नागपूरला काय झाले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

पण गुरुजींनी पुस्तक दिले ते पोर पास झाले म्हणून, त्याची आई गेली म्हणून नव्हे. पोराने काही करून दाखवले तर चव्हाट्यावर टाळ्या जरूर वाजवा. बाप मेला हे काही पोराने मिळवलेले नाही. त्याची टाळी कसली वाजवायची?

दुसरा दाखला रमाईचा. दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या भिकू धुत्रे यांची ही लेक. आईवडील लवकर गेले, तेव्हा वलंगकर काका आणि गोविंदपूरकर मामा यांनी त्या भावंडांना मुंबईला आणले. पोरांना हात लागला तो नात्यातल्या माणसाचा. आम्ही त्यावरून एक युक्ती शिकलो. आता आम्ही कपडा देतच नाही, मामा देतो.

गेल्या वर्षी असेच एक घर होते. बाप गवंडी, फेब्रुवारीत गेला. मागे सहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि म्हातारी आई. आमच्या महिला मंडळातली एक ताई आईला भेटली आणि एवढेच विचारले, "वहिनी, त्यांचे बाबा जयंतीला काय आणायचे?" मग मुलांच्या मामाला गाठले आणि मामाने आईला बरोबर घेऊन बाजारातून खरेदी केली. दुकानदाराची पावती खजिनदाराकडे आली. मुलीचा ड्रेस ८५०, मुलाचा सदरा-पँट ६००, दोघांच्या चपला ४८०, मुलीला दप्तर ४५०, निळ्या फेट्याचे कापड २००. त्याच घरात दोन चुलत भावंडे आहेत हे आम्ही विसरलो होतो, आईने आठवण केली; त्यांना रंगपेट्या १२०. एकूण २,७०० रुपये. वर्गणी ४,५०० जमली होती. उरलेले १,८०० जूनमधल्या वह्यांसाठी आणि रेनकोटांसाठी ठेवले, कारण आमच्या किनाऱ्यावरचा पाऊस जयंतीपेक्षा जास्त खर्चाचा असतो.

फोटो नाही तर देणगीदारांचा विश्वास कसा बसणार, यावर बैठकीत बरीच खडाजंगी झाली. मी कारकून माणूस, हिशेबाशिवाय मलाही चैन पडत नाही. अहवालात रकमा आल्या, पावत्या फाइलला लागल्या, मुलांचे नाव कुठेच आले नाही. दोघांनी या वर्षी वर्गणी बंद केली. करू द्या.

कपड्याबरोबर आणखी एक काम करून घ्या. कपडा वर्षभरात आखूड होतो. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अठरा वर्षांखालच्या, एक पालक गेलेल्या मुलालाही लाभ मिळू शकतो; २०२३ पासून ही रक्कम महिना २,२५० रुपये आहे. आपल्या जिल्ह्यासाठी चौकशी अलिबागच्या महिला व बालविकास कार्यालयात करावी. त्याआधी मृत्यूचा दाखला हवा, आणि मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची असते. शोकसभेला चाळीस जण भाषणे ऐकायला बसतात, त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जावे.

त्या गवंड्याच्या घरी जयंतीच्या सकाळी मी मुद्दाम गेलो नव्हतो. मामाने नंतर सांगितले. मुलाला फेटा बांधायला घेतला तर तो म्हणाला, "बाबा असा नाय बांधायचे." मामाने सोडून पुन्हा बांधला. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी पोराने स्वतःच शेव कुठून काढायचा ते दाखवले. आजी तोवर तोंडाला पदर लावून आत गेली होती. मग तो बहिणीचा हात धरून पंचशील घ्यायला विहारात गेला आणि संध्याकाळी मिरवणुकीत लेझीमवाल्यांच्या पुढेच होता.

यंदा आमच्या भागात अशी दोन घरे आहेत. एका घरच्या मुलांचा मामा अंबरनाथला असतो, त्याला निरोप गेला आहे. दुसऱ्या घरच्या मुलीला मामा नाही. उरणला आत्या आहे म्हणतात, तिचा पत्ता काढतो आहोत.