बुल बार : पाइप मजबूत, मग अडचण कुठे?

गॅरेजमध्ये बुल बार बनवायला गेलात की पहिला प्रश्न येतो : पाइप दोन इंची की अडीच? पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास अडीच इंच केला, तर ताठपणा जवळपास दुप्पट होतो. वजन पाव हिश्शानेच वाढते. गिऱ्हाईक खूश. घोळ इथेच आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळून झटका शोषण्यासाठीच बनवलेला असतो. चासीला थेट बोल्ट केलेला, न वाकणारा पाइप तो झटका आत पोहोचवतो. एअरबॅग सेन्सरचे गणितही बिघडू शकते. समोर पादचारी असेल तर विचारूच नका.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा बारवर कारवाई करायला सांगितले. आधार होता मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. तरी बार आजही सर्रास दिसतात.