बिनमोटारीचं बेट

आपल्या मंडळींच्या सुट्टीचे दोन प्रकार. पहिला भारतवारीचा. त्यात पंधरा दिवसांत चाळीस घरी चहा, सव्वीस घरी जेवण, तीन लग्नं, एक मुंज आणि एक पोटाचा आजार एवढा कार्यक्रम ठरलेला असतो. दुसरा प्रकार स्थळदर्शनाचा. सात दिवसांत पाच राज्यं, रोज नवं मोटेल, आणि पहाटे साडेपाचला 'उठा, नाहीतर गीझर चुकेल' ही आरोळी. दोन्ही सुट्ट्यांवरून परतलेल्या माणसाला आणखी एका सुट्टीची गरज भासते, ती अर्थातच मिळत नाही. कुठेतरी जाऊन नुसतं स्वस्थ बसायचं, हा तिसरा प्रकार आपल्या पंचांगात नाही.

यंदा जूनमध्ये तो योग आमच्या पत्रिकेत आला. कन्यारत्न एका उन्हाळी शिबिराला गेलं, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि सौ.ने प्रस्ताव मांडला, "अहो, चार दिवस कुठेतरी जाऊ या. पण बघायला नाही. बसायला."

प्रस्ताव गोड होता, हिशेब कडू. कंपनी वर्षाला पंधरा दिवसांची रजा देते. त्यातला दिवसन् दिवस डिसेंबरच्या भारतवारीसाठी फिक्स डिपॉझिटसारखा ठेवलेला. चार दिवस इथे मोडले की पुण्यातले चार दिवस कमी. आणि पुण्यात आई दर रविवारी फोनवर "डिसेंबरात किती दिवस?" असं विचारते. तिला आम्ही "चार दिवस बाहेर जातोय" एवढं सांगितलं. डिसेंबरचं गणित परत आल्यावर सांगायचं ठरलं. हा खडा चपलेत घेऊनच आम्ही निघालो.

ठिकाण निवडलं मॅकिनॉ आयलंड. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'सी' आहे म्हणून 'मॅकिनॅक' म्हणाल तर तिथला पोरगासुद्धा तुम्हाला दुरुस्त करील. मिशिगन राज्याचे दोन तुकडे जिथे समोरासमोर येतात, त्या सामुद्रधुनीत लेक ह्युरॉनच्या तोंडाशी हे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम पावणेचार चौरस मैल. मूळच्या अनिशिनाबे लोकांना ते पाण्यातून पाठ वर काढलेल्या मोठ्या कासवासारखं दिसलं, म्हणून त्यांनी तेच नाव दिलं. 'मिशिलिमॅकिनॉ' हा त्याचाच अपभ्रंश. देवळात शिरताना आधी कासवाला नमस्कार करायची सवय असलेल्या आम्हाला हे फार आवडलं.

पण बेटाची खरी ख्याती निराळीच. तिथे मोटारीला बंदी आहे. हेन्री फोर्डसाहेबांनी आपली पहिली गाडी डेट्रॉइटच्या रस्त्यावर काढली ती ४ जून १८९६ रोजी. दोनच वर्षांनी, १८९८ साली, मॅकिनॉच्या गावकऱ्यांनी ठराव केला की हा आवाज करणारा, घोडे बुजवणारा प्रकार आमच्याकडे नको. तो ठराव आजही लागू आहे. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि पोलीस यांना सूट, हिवाळ्यात बर्फावर स्नोमोबाइल चालतात, बाकी सगळं घोड्यावर, सायकलवर किंवा पायी. बेटाला वळसा घालणारा आठ मैलांचा एम-१८५ हा मिशिगन राज्याचा अधिकृत हमरस्ता आहे आणि त्यावर मोटार चालवायला मनाई आहे. आम्ही पडलो डेट्रॉइटचे. मोटारीच्या चाकावर आमचं पोट. शत्रुपक्षाच्या छावणीत विश्रांतीला जाण्यातला विनोद कळायला इंजिनियर असायची गरज नाही.

मॅकिनॉ सिटीला (हिचं स्पेलिंग मात्र 'डब्ल्यू'ने संपतं) गाडी ठेवायची, सामानाला चिठ्ठी लावायची आणि बोटीत बसायचं. वीसेक मिनिटांत पलीकडे. धक्क्यावर हमालपोरं सायकलच्या पुढच्या टोपलीत चार-चार बॅगा एकावर एक रचून चढावर पेडल मारत निघून जातात. पुण्यात सायकलवरून सिलिंडर नेणारे बघितलेल्या आम्हीसुद्धा तोंडात बोट घातलं. उतरल्यावर पहिली जाणीव होते ती नाकाला. लायलॅकची फुलं, शिजणारी साखर आणि घोड्याची लीद, असा तिहेरी वास. दुसरी जाणीव कानाला. इंजिनाचा आवाज नाही, नुसती टापांची टपटप. उन्हाळ्यात बेटावर सहाशेच्या आसपास घोडे असतात. कायमची माणसं पाचशे-सहाशेच. दुकानाचा माल, हॉटेलची चादरी-टॉवेलं, कुरियरची पार्सलं, इतकंच काय कचरासुद्धा घोडागाडीतून जातो. लीद आणि उष्टंखरकटं एकत्र करून त्याचं खत होतं. थंडी आली की बहुतेक घोडे बोटीत बसून उत्तरेकडच्या शेतांवर मुक्कामाला जातात.

पहिल्या दिवशी आम्हाला बसता आलं नाही. हे लिहायला सोपं, पण प्रत्यक्षात फार अवघड. खानावळीच्या ओसरीत दोन झुलत्या खुर्च्या, समोर निळंशार पाणी, हातात कॉफी. सात मिनिटांनी आमचा पाय हलायला लागला. दहाव्या मिनिटाला सौ. म्हणाली, "दशम्या फ्रिजमध्ये टाकायला हव्यात." पंधराव्या मिनिटाला आम्ही दोघं सायकली भाड्याने घ्यायला रस्त्यावर. सौ.ने कॉलेजनंतर सायकलला हात लावला नव्हता, पण पुण्याची पोर. लक्ष्मी रोडवर शिकलेली विद्या विसरत नाही. आठ मैलांचा वळसा दीड तासात झाला. वाटेत सुमारे दीडशे फूट उंचीवरची चुनखडकाची नैसर्गिक कमान, आर्च रॉक, खालूनच बघितली. वर चढलो नाही. 'बघायला नाही, बसायला' ही अट सौ.ने आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस. तेव्हा किल्ला पाहिला. इंग्रजांनी तो १७८० मध्ये बांधायला घेतला, १७९६ मध्ये अमेरिकनांच्या हवाली केला, १८१२ च्या युद्धात परत बळकावला आणि १८१५ मध्ये तहापायी पुन्हा सोडला. याच किल्ल्यावर डॉक्टर विल्यम ब्यूमाँट होते. ६ जून १८२२ रोजी खाली बाजारात एका तरुण कामगाराच्या पोटात चुकून बंदुकीचा बार घुसला. अलेक्सी सेंट मार्टिन त्याचं नाव. डॉक्टरांनी त्याला वाचवलं, पण पोटाचं भोक बुजलंच नाही. मग पुढे डॉक्टरसाहेब रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाजीचे तुकडे बांधून त्या भोकातून जठरात सोडायचे, आणि ठराविक वेळाने ओढून काढून किती पचलं ते बघायचे. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे जगाला पटवणारं त्यांचं पुस्तक १८३३ साली निघालं. सौ. म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं का?" हा प्रश्न पुस्तकात नसावा.

पोटाचा विषय निघालाच आहे तर फज. हा पदार्थ म्हणजे बेटाचा प्रसाद. येणाऱ्या प्रवाशांना स्थानिक लोक 'फजी' असंच म्हणतात. साखर, दूध-साय, लोणी आणि चॉकलेट तांब्याच्या कढईत उकळतात, ११४-११५ अंश सेल्सिअसला उतरवतात आणि संगमरवरी ओट्यावर ओतून लाकडी उलथन्याने घोटत घोटत घडी घालतात. घोटल्यामुळे साखरेचे कण बारीक राहतात, नाहीतर खडीसाखर. सौ.ने खिडकीतून पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "अहो, हा तर आपला गोळीबंद पाक! ही चॉकलेटची बर्फी आहे." तरी दोन पौंड घेतलीच.

तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी झालं. सकाळी नऊला ओसरीत बसलो, आणि पुढे कुणीतरी घड्याळ पाहिलं तेव्हा साडेअकरा वाजले होते. मधल्या अडीच तासांत आम्ही काय केलं, याचा कुठल्याही टाइमशीटमध्ये भरण्याजोगा तपशील नाही. एक मोठं मालवाहू जहाज क्षितिजाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. थोडं बोललो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्यात घराचा हप्ता, मुलीची शाळा आणि व्हिसाचे कागद सोडून आम्ही शेवटचं कधी बोललो होतो, ते दोघांनाही आठवेना.

त्या रात्री जेवताना वाढणाऱ्या गृहस्थाशी गप्पा झाल्या. जमैकाचे. या बेटावरची हॉटेलं उन्हाळ्यात तिथल्या कामगारांवर बरीच अवलंबून असतात. हे दर वर्षी मे महिन्यात येतात, ऑक्टोबर संपता संपता परत जातात. घरी आई, बायको, दोन मुलं. आम्ही विचारलं, "सहा महिने लांब राहणं जड जात असेल." ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही वर्षातून किती दिवस घरी जाता?" आम्ही दोघंही ताटात बघायला लागलो. त्यांचे सहा महिने आणि आमचे पंधरा दिवस. चपलेतला खडा पुन्हा टोचला.

आणि माथेरान आठवलं. आपलंही एक बिनमोटारीचं गाव आहे की! ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये शोधलेलं, १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी जाणारं. तिथेही मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. फरक एवढाच, की मॅकिनॉत गाडी ओढायला घोडा असतो, माथेरानात कित्येक वर्षं माणूस हातरिक्षा ओढत आला. २०२२ च्या डिसेंबरात तिथे प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. कुणाच्या तरी घामावर आपली विश्रांती उभी असते, हे दोन्हीकडे खरं.

चौथ्या दिवशी दुपारची बोट. बोटीतून मॅकिनॉचा पूल दिसतो. १ नोव्हेंबर १९५७ ला खुला झालेला, पाच मैल लांब, मधला गाळा ३,८०० फुटांचा. डेव्हिड स्टाइनमन या इंजिनियरने तो बांधला तेव्हा टॅकोमाचा पूल १९४० मध्ये वाऱ्याने पिळवटून पडल्याची आठवण ताजी होती. म्हणून त्यांनी रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात चक्क लोखंडी जाळी टाकली, वारा आरपार जावा म्हणून. आम्ही हे रंगात येऊन सांगत होतो. सौ. म्हणाली, "माणसालाही अशी थोडी जाळी हवी. सगळं अडवून धरलं की पिळवटतंच." स्टाइनमनसाहेबांना हे आवडलं असतं.

धक्क्यावर उतरून गाडी चालू केली आणि आय-७५ला लागलो. चार दिवस ताशी पाच मैलांच्या जगात काढल्यावर ७५ची पाटी धमकीसारखी वाटते. गेलॉर्डजवळ ४५व्या अक्षांशाची पाटी लागली. विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मध्ये. पुणं साडेअठरावर. एरवी या वाटेवर आम्ही रेडिओ लावतो. या वेळी लावला नाही. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, हेच बोलत होतो. सौ. म्हणाली, "सरळ सांगा. आई काही परक्या नाहीत." सॅगिनॉजवळ झिलवॉकीचा उंच पूल लागला. पूर्वी इथे उघडमीट करणारा पूल होता आणि जहाज आलं की सुट्टीवरून परतणाऱ्या गाड्यांची मैलोन्मैल रांग लागायची. आता सरळ वरून जाता येतं. पुढचं पाऊण शतक मैल मात्र नेहमीची रविवार-संध्याकाळची गर्दी.

नऊला घरी पोचलो. पुण्यात सोमवारची सकाळ, साडेसहा. आई चहा घेत असणार. फोन लावला आणि सरळ सांगितलं, डिसेंबरात पंधरा नाही, अकराच दिवस.

आई आधी बोललीच नाही. मग म्हणाली, "तिथे खरंच गाड्या नाहीत? माथेरानसारखं?" आम्ही हो म्हटलं. "आम्ही गेलो होतो ७८ साली, लग्नानंतर. ह्यांना बँकेतून तीन दिवस रजा मिळाली होती. एक अख्खी दुपार नुसते झाडाखाली बसलो होतो. पुढे ह्यांची रजा गेली ती आजारपणाला आणि लग्नकार्यांना. परत कधी जमलंच नाही." थोडं थांबून म्हणाली, "अकरा तर अकरा. पण ते अकरा दिवस लोकांकडे चहा पीत हिंडू नका रे. दोन दिवस तरी माझ्याजवळ नुसते बसा."

तेव्हा पुण्यातल्या समस्त नातेवाइकांनो, आगाऊ क्षमस्व. चहाच्या यादीतून यंदा निम्मी घरं कमी केली आहेत. आईच्या गुडघ्यांना घोडा झेपायचा नाही, पण अमन लॉजपासून माथेरान गावापर्यंत छोटी गाडी जाते. तीन दिवस तिथे खोली बघतो आहोत. अट एकच: ओसरी हवी, आणि ओसरीत तीन खुर्च्या.