पाहुणा शिक्षक, घरचा फळा

खानदेशात कापसाचा हंगाम सुरू झाला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांबाहेर भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. त्या रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव पुष्कळदा त्याने कधी न पाहिलेल्या नगरात ठरतो. २०११ नंतरच्या दोन-तीन हंगामांत चीनने भारतीय कापूस मोठ्या प्रमाणावर उचलला; पुढे २०१४ च्या सुमारास आपल्याकडचे साठे आधी वापरायचे, असे बीजिंगने ठरवले आणि मागणी ओसरली. तो निर्णय चिनी भाषेत झाला, चिनी भाषेतच लिहिला गेला. तो मुळातून वाचून त्याचा अर्थ वेळेवर सांगू शकेल, अशी किती माणसे खानदेशात होती? आपले हिताहित ज्या भाषेत ठरते ती भाषा आपल्याला येत नसेल, तर ती उणीव आपली आहे. त्यासाठी दुसऱ्याला बोल लावता येणार नाही.

चिनी भाषा शिकली पाहिजे, याविषयी म्हणूनच दुमत असू नये. खरा प्रश्न आहे तो ती शिकवणार कोण, हा. २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सहावीपासून मंदारिन हा विषय उपलब्ध करून दिला, तेव्हा शिक्षक आणायचे कुठून, ही अडचण लगेच समोर आली. २०१२ मध्ये मंडळाने चीनच्या ‘हानबान’ या सरकारी यंत्रणेशी करार केला. याच हानबानने २००४ पासून जगभरच्या विद्यापीठांत कन्फ्यूशिअस संस्था आणि शाळांत कन्फ्यूशिअस वर्ग उभे केले. योजना दिसायला मोहक होती. शिक्षक चीन पाठवणार, पुस्तके चीन देणार, खर्चाचा मोठा वाटाही चीनच उचलणार. यजमान शाळेने खोली द्यावी, पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याकडे लक्ष द्यावे आणि वर्ग भरवावा. ज्या शाळेला शिक्षक मिळत नाही, तिला हा व्यवहार जवळजवळ फुकटचा वाटावा, यात नवल नाही.

परंतु फुकटच्या शिक्षकाची किंमत कोणत्या नाण्यात मोजावी लागते, हे इतर देशांनी अनुभवले आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०१३ मध्ये आपली कन्फ्यूशिअस संस्था बंद केली. तेथे शिकवणाऱ्या एका चिनी शिक्षिकेनेच तक्रार केली होती, की फालुन गोंग या पंथाशी संबंध ठेवणाऱ्याला हे काम करता येत नाही, अशी अट तिच्या करारात होती. शिक्षकाने कोणती श्रद्धा बाळगावी, हे कॅनडाच्या भूमीवर चीनचे सरकार ठरवत होते! २०१४ च्या जुलैमध्ये पोर्तुगालमधील ब्रागा येथे युरोपातील चीनविषयक अभ्यासकांचे संमेलन भरले. त्याच्या छापील पुस्तिकेत तैवानच्या एका प्रतिष्ठानाचा उल्लेख होता. हानबानच्या प्रमुखांच्या आदेशावरून ती पाने फाडण्यात आली आणि उरलेली पुस्तिका विद्वानांच्या हाती ठेवण्यात आली. यजमानांच्या घरात पाहुण्याने पाने फाडावीत आणि यजमानांना ते नंतर कळावे, याहून बोलके उदाहरण कोणते? त्याच वर्षी टोरोंटोच्या शालेय मंडळाने आपला करार रद्द केला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने आपल्या तेरा सरकारी शाळांतील असे वर्ग बंद करण्याचे ठरवले. या संस्था चीनच्या परदेशातील प्रचारयंत्रणेचा महत्त्वाचा भाग आहेत, हे तर चिनी साम्यवादी पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळातील ली छांगछुन यांनी २००९ मध्ये स्वतःच सांगितले होते. त्यांनी लपवले नव्हते; ऐकणाऱ्यांनी मनावर घेतले नाही, इतकेच.

येथे एक विवेक पाळावा लागेल. परक्या देशात येऊन मुलांना अक्षरे गिरवायला शिकवणारा तो पाहुणा शिक्षक बहुधा नुकताच पदवीधर झालेला, घरापासून प्रथमच दूर आलेला तरुण किंवा तरुणी असते. त्याच्याशी वैर धरण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेत अतिथी हा देव आहे. पण अतिथीला देव मानणारे घर त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देत नाही, की मुलांना काय शिकवावे हेही त्याला ठरवू देत नाही. दोष त्या तरुणाचा नसून, त्याला नेमणारा, वेतन देणारा आणि परत बोलावणारा हात शाळेबाहेरचा आहे, या रचनेचा आहे. विद्यार्थ्याने तिबेटविषयी विचारले, तर अशा शिक्षकाने काय उत्तर द्यावे? खरे बोलावे, तर नोकरी जाते. गप्प बसावे, तर शिक्षकपण जाते.

भारताने या बाबतीत उशिरा का होईना, सावध पावले टाकली. चिनी संस्थांशी करार करण्यापूर्वी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयांची मान्यता घ्यावी, अशी सूचना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये दिली. गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय जवानांनी बलिदान दिले, त्यानंतरच्या काळात, २०२० मध्ये, केंद्राने देशातील कन्फ्यूशिअस संस्थांचा आढावा हाती घेतला. त्यात मुंबई विद्यापीठातील संस्थाही होती. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या यादीत चिनीचे नाव होते, अंतिम धोरणात ते उरले नाही. हे सारे समजण्याजोगे आहे. मात्र दार लावून घेणे म्हणजे धोरण नव्हे. परक्याच्या शिक्षकाला नकार देऊन आपण आपला शिक्षक तयार केला नाही, तर हाती उरते ते केवळ अज्ञान. आणि प्रतिस्पर्ध्याविषयीच्या अज्ञानाला देशभक्ती म्हणता येत नाही.

या बाबतीत खानदेशाला दूर पाहण्याची गरज नाही. धुळ्यात ज्यांचे कार्य संशोधन मंडळाच्या रूपाने जतन झाले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून मराठीवर फारसीचा पगडा किती बसला होता आणि शिवकाळानंतर तो कसा उतरत गेला, हे दाखवून दिले. असे मोजमाप कोणाला करता येते? ज्याला परकी भाषा ओळखता येते, त्यालाच. शिवछत्रपतींचा राज्यव्यवहारकोश रचला गेला तोही फारसी शब्द जाणणाऱ्यांकडूनच. परकी भाषा जाणणे ही शरणागती नव्हे. तिचा तराजू परक्याच्या हाती देणे, ही शरणागती होय.

जळगावाहून थोड्याच अंतरावर अजिंठा आहे. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगच्या वृत्तान्तात ज्या लेण्यांचे वर्णन आहे, ती अजिंठ्याचीच, असे विद्वान मानतात. या चिनी यात्रेकरूने काय केले? आपल्या देशात संस्कृत शिकवायला शिक्षक पाठवा, अशी विनंती त्याने नालंदेला केली नाही. तो स्वतः आला, वर्षानुवर्षे शिकला, ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेले आयुष्य त्यांच्या भाषांतराला दिले. आपण मात्र आपल्याच प्रांताचे त्याने केलेले वर्णन आजही बहुधा इंग्रजीच्या आधाराने वाचतो.

महाराष्ट्रात ही जिद्द नव्हती असे नाही. पुण्याच्या डॉ. पु. वि. बापट यांनी चिनी बौद्ध ग्रंथांचा मुळातून अभ्यास केला. वसंतराव परांजपे १९४७ मध्ये पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले आणि १९५४ मध्ये नेहरू-माओ भेटीत दुभाष्याचे काम त्यांनी केले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस रणभूमीवर चिनी शिकले आणि त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. खंड पडला तो नंतर.

तो सांधण्याचे काम जळगावच्या विद्यापीठाने का हाती घेऊ नये? या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीचे शहाणपण आपल्या मातीच्या बोलीत उगवले. तिचे नाव मिरवणाऱ्या संस्थेत चिनीचा वर्ग सुरू व्हावा. त्यासाठी शांतिनिकेतन आणि दिल्लीच्या विद्यापीठांतून शिकलेले भारतीय अध्यापक आणावेत. मराठीतून चिनी शिकवणारे पाठ्यपुस्तक आणि चिनी-मराठी कोश तयार व्हावा. कापूस, केळी आणि ठिबक सिंचनाच्या व्यवहारात असलेल्या उद्योजकांनी गुणी मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात. पाहुणा अध्यापक हवाच असेल, तर अवश्य यावा. पण नेमणूक विद्यापीठाची, अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि करार सर्वांना वाचता येईल असा खुला असावा. तैवानमधून शिक्षक आले, तरी कसोटी हीच राहावी.

पाहुण्याने खडू हाती घ्यावा, फळा घरचा असावा. आणि उद्या पाहुणा निघून गेला, तरी वर्ग थांबू नये, इतकी तयारी घरात असावी. बीजिंगमधील पुढचा निर्णय कापसाविषयी असो वा सीमेविषयी, तो वाचणारा पहिला भारतीय खानदेशातला का असू नये?