बोल्टला नंबर, सिस्टरला?

सदर : शिफ्ट सुटल्यावर

चाकणच्या कुठल्याही प्रेसशॉपमध्ये जाऊन बघा. तळहातावर मावेल एवढा ब्रॅकेट असला तरी त्याला पार्ट नंबर असतो, बॅच नंबर असतो. उद्या गाडी परत आली, तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या शिफ्टला निघाला हे शोधून काढता येतं. नंबर नसलेला माल गेटच्या बाहेर जात नाही. आपल्याकडच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही, ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

त्याच पोरांच्या घरी म्हातारी आजारी पडते. घराजवळच्या रुग्णालयात तिला सलाईन लावलं जातं. सुई टोचणाऱ्या मुलीला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. तिचा नंबर काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेल्या पंधरवड्यात हा प्रश्न माझ्याच दारात आला. आमच्या गल्लीतली एक मुलगी फॉर्म घेऊन आली. वडील मराठवाड्यातून आलेले, ठेकेदाराकडे लाइनवर, आई कँटीनला. बारावीनंतर तिने एका खासगी संस्थेत वर्षभराचा ‘नर्सिंग कोर्स’ केला. फी आईच्या भिशीतून गेली. मग दोन वर्षं तिने एका छोट्या रुग्णालयात नाईट काढल्या. आता मोठ्या रुग्णालयात जागा निघाली होती. फॉर्म जवळजवळ भरून झाला होता, फक्त एक चौकट रिकामी होती : कौन्सिल नोंदणी क्रमांक. ‘‘काका, हा नंबर कुठनं आणायचा?’’ तिने विचारलं. तो आणता येत नाही, तो मिळवावा लागतो आणि त्याची वाट आईने भिशी मोडली त्याच्या आधी सुरू होते, हे तिला सांगताना माझीच जीभ जड झाली.

म्हणून आजचं सदर तिच्यासाठी, आणि यंदा बारावीच्या निकालानंतर चौकाचौकातले फ्लेक्स वाचत फिरणाऱ्या आईबापांसाठी.

आपल्याकडे परिचारिका होण्याच्या सरळ पायऱ्या तीन. पहिली एएनएम. दोन वर्षांची, फक्त मुलींसाठी, बारावी कुठल्याही शाखेची चालते. उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर बायांची नोंद ठेवणारी आरोग्यसेविका इथून तयार होते. दुसरी जीएनएम. तीन वर्षांची, मुलगे-मुली दोघांसाठी. बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के गुण लागतात, शाखा कुठलीही चालते. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के. राज्यात या पदवीसाठी सामायिक प्रवेश परीक्षा होते आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. पहिल्या दोन पदविकांची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. तिन्ही वाटा शेवटी एकाच दारात येतात, ते दार म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषद. १९६६ च्या कायद्याने तिथल्या नोंदवहीत नाव चढतं आणि नंबर मिळतो. तो नंबर हीच खरी नोकरी, बाकी सगळी कागदपत्रं त्याच्या वाटेवरची.

वर्षाच्या, सहा महिन्यांच्या कोर्समधून रुग्णाची निगा राखणारा सहायक तयार होऊ शकतो. तेही कष्टाचं आणि गरजेचं काम आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्याला सहायकच म्हणा. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘नर्सिंग’ छापून फी घेणं ही फसवणूक आहे, आणि ती चालते कारण तिघांना ती सोयीची आहे. संस्थेला फी मिळते, छोट्या रुग्णालयाला स्वस्तात माणूस मिळतो, आणि आईबापांना ‘पोरगी सिस्टर झाली’ हे गावाकडे सांगता येतं. किंमत मोजते ती मुलगी, आणि एखाद्या वाईट रात्री रुग्ण.

खऱ्या वाटेवरही फुलं अंथरलेली नाहीत. जीएनएमच्या पहिल्या वर्षातल्या मुलींशी बोललात की दोन गोष्टी हटकून ऐकू येतात : पाय दुखतात आणि इंग्रजी कळत नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, रात्री प्रोसिजर बुक लिहायचं. पलंगाच्या चादरीचा कोपरा कसा दुमडायचा इथपासून सुरुवात होते. मग ताप, नाडी, श्वास, रक्तदाब. चादर दुमडायला काय शिकायचं, असं वाटतं. पण सुरकुतलेल्या चादरीवर महिनाभर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला काय होतं ते वॉर्डात दिसतं, आणि मग कुणी तो प्रश्न विचारत नाही. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य हे सगळं पहिल्याच वर्षी. दुसऱ्या वर्षी औषधवैद्यक आणि शस्त्रक्रिया विभाग, बालकं, मनोरुग्ण. तिसऱ्या वर्षी प्रसूती. दीपप्रज्वलनाच्या दिवशी हातात दिवा घेऊन शपथ घेतलेली पोरगी पहिल्यांदा बाळ हातात घेते तो दिवस विसरत नाही, असं या पेशातल्या बायका सांगतात.

हजेरीचा नियमही कारखान्यापेक्षा कडक. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण प्रमाणपत्र हाती पडायच्या आधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के पुरे करावे लागतात. चुकलेली पोस्टिंग भरून द्यावीच लागते. पास व्हायला प्रत्येक विषयात ५० टक्के. मराठी माध्यमातून, तेही कला शाखेतून आलेली मुलगी इथे अडखळते ती बुद्धीने नव्हे, भाषेने. हाडाला हाड म्हणून ओळखणारी पोर ‘फीमर’ लिहिताना स्पेलिंगवर पडते. पहिल्या सहा महिन्यांत तिला इंग्रजीचा हात दिला तर ती निभावून नेते. जी संस्था तो देते ती चांगली. प्रवेश घेण्याआधी हे विचारा, इमारतीची उंची नंतर बघा.

आता पैशांचं. वसतिगृह धरून खासगी संस्थेतली तीन वर्षं ठेकेदारी कामगाराला परवडत नाहीत, हे मला मान्य. पण आपल्या लोकांना ठाऊक नसलेल्या दोन खिडक्या आहेत. एक, वानवडीचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयात मुलींना चार वर्षं सरकारी खर्चाने शिकवतात आणि नंतर लष्कराच्या परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून घेतात. निवड ‘नीट’च्या गुणांतून होते. जागा मोजक्या, स्पर्धा मोठी. पण एमआयडीसीतल्या शाळांमधून हे नाव मुलींच्या कानावर पडत नाही याचं मला वाईट वाटतं.

दुसरी खिडकी तर आपल्याच पैशांची. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाला, कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. चाकण ते पिंपरी या पट्ट्यातून दर महिन्याला किती रक्कम जात असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आपल्याला ईएसआय म्हटलं की चिंचवडच्या मोहननगरचं रुग्णालय आणि तिथली रांग आठवते. याच महामंडळाची नर्सिंग महाविद्यालयं कर्नाटकात आहेत, बंगळुरूच्या इंदिरानगरला आणि कलबुर्गीला. विमाधारक कामगारांच्या मुलांसाठी महामंडळाच्या संस्थांत राखीव जागाही असतात. त्यासाठी कामगाराच्या नावाचा दाखला काढावा लागतो. किती सुपरवायझरांनी, किती युनियनच्या पुढाऱ्यांनी हा दाखला कधी पाहिलाय? आणि जे कलबुर्गीला होऊ शकतं ते मोहननगरला का नाही, हा प्रश्न एकाही वेतनकराराच्या बैठकीत का निघत नाही?

माझी खरी तक्रार मात्र पुढची आहे. पायऱ्या आहेत, पण मधली पायरी फार उंच बांधलीय. समजा, एखादी मुलगी एएनएम झाली, नोंदणी झाली, पाच वर्षं उपकेंद्रात राबली. हजारो लसी टोचल्या, बाळंतपणं केली. तिला आता जीएनएम व्हायचंय. नियमाने तिला प्रवेश मिळू शकतो, पण तीन वर्षं पहिल्यापासून. नाडी कशी मोजायची हे पुन्हा. सामुदायिक आरोग्य, जे ती रोज जगली, ते पुन्हा. आणि तेही पूर्णवेळ, म्हणजे पगार सोडून. घर तिच्या पगारावर चालत असेल तर ती पायरी तिच्यासाठी नाहीच.

गंमत अशी की वरच्या पायरीला ही सोय आहे. जीएनएम झालेल्या, नोकरीत असलेल्या परिचारिकेला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, नोकरी सांभाळून. म्हणजे अनुभव धरून, काम करत शिकवता येतं हे आपण मान्य केलेलं आहे. फक्त ते सर्वांत खालच्या, सर्वांत गरजू बाईसाठी मान्य केलेलं नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर एक उत्तर निघालं. महायुद्धानंतर तिथे परिचारिकांचा तुटवडा होता. १९५२ मध्ये मिल्ड्रेड माँटॅग या प्राध्यापक बाईंनी काही कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमाचा प्रयोग सुरू केला. ही स्वस्त, घराजवळची, स्थानिक लोकांच्या करातून चालणारी कॉलेजं. तिथून बाहेर पडणारी मुलगी आणि चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी नोंदणीसाठी एकच परीक्षा देतात. खालच्या दर्जाची नर्स असेल तर तिच्यासाठी तिथे पुलासारखे अभ्यासक्रम असतात, आधी शिकलेलं वजा करून उरलेलं शिकवणारे. माँटॅगबाईंच्या मनात मुळात शिडी नव्हती, त्यांना मर्यादित कामाची वेगळी तंत्रज्ञ परिचारिका हवी होती. शिडी नंतर बांधली गेली, कारण माणसं खालच्या पायरीवर थांबायला तयार नव्हती. तिथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. पण शिकलेलं वजा करायचं, हा हिशेब घेण्यासारखा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नर्सिंग म्हणजे रात्रशाळेतला टायपिंगचा वर्ग नव्हे. वॉर्डातले तास कमी केले तर माणसं मरतील. अगदी खरं. माझं म्हणणं तास कमी करा असं नाहीच. तिने नोंदणीकृत एएनएम म्हणून जे तास आधीच भरलेत ते परीक्षा घेऊन तपासा, आणि खरे निघाले तर मोजा. २०२१ पासून बी.एस्सी. नर्सिंगही सत्र आणि श्रेयांकांवर चालते. वर मोजमाप आलंय, ते खाली आणायला कोणता डोंगर आडवा येतो? शिवाय १९४७ चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा बदलून संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. घर नव्याने बांधायला काढलंय, तेव्हाच जिन्याचं बोलावं. एकदा स्लॅब पडला की कोण ऐकतं?

हे पुण्याच्या मातीला नवं नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि ज्या काळात परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं बाईसाठी कलंक होता, त्या काळात विधवा, निराधार मुलींना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्या मुलींना घरचं पाठबळ नव्हतं, ते संस्थेने दिलं. आज कलंक गेला, पाठबळाची जागा मात्र फ्लेक्सवाल्यांनी घेतली.

चाकणला काय हवं, ते सांगून संपवतो. खेड तालुक्यात सरकारी जीएनएम शाळा हवी, चाकण आणि राजगुरुनगरच्या मुलींना एसटीने जाऊन येता येईल अशी. मोहननगरला ईएसआयचं नर्सिंग महाविद्यालय हवं. नोकरीतल्या एएनएमसाठी जीएनएमचा पूल हवा. आणि ज्या कंपन्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून शाळांच्या भिंती रंगवतात, त्यांनी एक वर्ष रंग बाजूला ठेवून लाइनवरच्या कामगारांच्या पाच-दहा मुलींची तीन वर्षांची फी भरावी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आईबापांनो, पैसे मोजण्याआधी फक्त दोन प्रश्न विचारा : परीक्षा कोण घेणार, आणि नोंदणी कुठल्या परिषदेत होणार? उत्तर तोंडी घेऊ नका, मान्यतेचा कागद मागा, आणि तो खरा आहे का हे परिषदेकडे विचारा. समोरचा गडबडला तर चहा पिऊन परत या.

गल्लीतल्या त्या मुलीने तो फॉर्म भरला नाही. तिला बारावीला ५१ टक्के होते, कला शाखेतून. जीएनएमला ती आजही पात्र आहे. तीन वर्षं गेली, वय गेलेलं नाही. यंदाचं प्रवेशाचं माहितीपत्रक निघालं की आम्ही दोघं ते एकत्र वाचणार आहोत.